स्टुडिओसाठी भक्कम कॅमेरा स्टँड: निवड, उभारणी आणि निगा

फ्लॅशच्या प्रकाशात टिपलेल्या छायाचित्रात कॅमेरा किंचित हलला तरी बहुधा काही बिघडत नाही, कारण फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो आणि प्रतिमा तेवढ्याच क्षणापुरती उमटते. मग पंचवीस-तीस किलोंचा, खोलीचा एक कोपरा कायमचा अडवणारा, चाकांवरचा स्टँड स्टुडिओत कशासाठी ठेवायचा, असा प्रश्न ठाणे-नवी मुंबईतल्या महागड्या भाड्याच्या जागेत काम करणाऱ्या कुणालाही पडणे रास्त आहे. त्याचे उत्तर असे की स्टुडिओतले बरेचसे काम एकाच चौकटीच्या पुनरावृत्तीचे असते. अंगठ्यांचा संपूर्ण संच एकाच कोनातून टिपायचा असतो; एका घड्याळासाठी फोकस थोडा थोडा पुढे सरकवत वीस-तीस फ्रेम घेऊन त्या एकत्र करायच्या असतात; काचेच्या बाटलीची कड, लेबल आणि आतला द्रव वेगवेगळ्या प्रकाशात टिपून एकावर एक बसवायचे असतात; आणि आठवड्याने ग्राहकाने आणखी चार वस्तू पाठवल्या की त्या आधीच्याच उंचीवरून, आधीच्याच अंतरावरून टिपायच्या असतात. अशा कामात दोन फ्रेममधली सरक महाग पडते. त्यामुळे स्टँड पारखताना मुख्य प्रश्न एकच ठेवावा: कॅमेरा जिथे सोडला तिथेच राहतो का, आणि हलवल्यानंतर पुन्हा तिथे आणता येतो का? एलईडीसारख्या सतत प्रकाशात, जिथे शटर पाव किंवा अर्धा सेकंद उघडे राहते, तिथे थरथरीचा प्रश्न त्यात आणखी मिळतो.

या लेखात ज्याला स्टँड म्हटले आहे तो म्हणजे चाके असलेल्या जड बैठकीवर उभा असलेला एकच जाड कॉलम, त्यावर वरखाली सरकणारे कॅरेज आणि कॅरेजमधून जाणारा आडवा दांडा, ज्याच्या टोकाला हेड (कॅमेरा हव्या त्या कोनात वळवून धरणारा भाग) आणि कॅमेरा बसतो. इटलीच्या मॅनफ्रोटोचे सलोन मालिकेतील स्टँड, नेदरलँड्सच्या कॅम्बोचे आणि स्वित्झर्लंडच्या फोबाचे स्टँड ही या प्रकारची परिचित उदाहरणे आहेत. ट्रायपॉडची उंची बदलायची तर तीन पाय एकेक करून जुळवावे लागतात आणि प्रत्येक वेळी चौकट बिघडते; कॉलम स्टँडवर एक कळ सैल केली की कॅमेरा सरळ रेषेत वर किंवा खाली जातो.

आधी जागा मोजावी

माहितीपत्रक उघडण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन स्टुडिओत फिरावे. सोसायटीतल्या फ्लॅटची उंची साधारण नऊ ते साडेनऊ फूट, म्हणजे पावणेतीन ते दोन मीटर नव्वद सेंटिमीटर असते, आणि त्यातही तुळई, पंखा व फॉल्स सीलिंग काही इंच खातात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे किंवा तुर्भे येथील औद्योगिक गाळ्यांमध्ये छत बरेच उंच मिळू शकते. मात्र पोटमाळा घातलेला असेल तर त्याखालची उंची फ्लॅटपेक्षाही कमी भरते. तीन मीटरचा कॉलम फ्लॅटमध्ये उभाच राहत नाही, ही गोष्ट स्टँड घरी आल्यावर कळण्यात काही शहाणपण नाही.

किती उंची लागेल हे लेन्सवरून काढता येते. फुल-फ्रेम सेन्सरची लांब बाजू ३६ मिलिमीटर असते, म्हणून चौकटीत जेवढी रुंदी हवी तिला लेन्सच्या फोकल लेंग्थने गुणून ३६ ने भागले की अंतर जवळपास बरोबर मिळते. जमिनीवर पसरलेल्या पैठणीचा पदर आणि घडी मिळून दीड मीटर रुंदीची चौकट वरून टिपायची असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे २.०८ मीटर अंतर लागते. त्यात कॅमेरा आणि हेडची उंची मिळवली की आडवा दांडा सव्वादोन मीटरच्याही वर न्यावा लागतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला त्याच चौकटीसाठी १.४६ मीटर पुरते. कॅरेज कॉलमच्या अगदी टोकापर्यंत जात नसल्यामुळे २३० सेंटिमीटरच्या कॉलमवर पहिला पर्याय कठीण आहे आणि दुसरा सहज जमतो. सपाट कापडासाठी ३५ मिलिमीटर चालून जाते, पण ताट-वाट्या किंवा बूट यांसारख्या उंची असलेल्या वस्तूंच्या बाजू चौकटीच्या कडेला झुकलेल्या दिसू लागतात. माझे मत असे की फ्लॅटमध्ये २३० सेंटिमीटरच्या आसपासचा स्टँड घ्यावा आणि वरून घेण्याच्या चौकटी लहान ठेवाव्यात. पावणेतीन मीटर किंवा अधिक उंचीचा कॉलम गाळ्यासाठी राखावा. किमान उंचीचीही चौकशी करावी, कारण काही स्टँडवर दांडा जमिनीपासून दीड-दोन फुटांखाली उतरत नाही आणि पादत्राणांचे काम करणाऱ्याची तिथेच अडचण होते.

लिफ्टची आतली उंची, जिन्याच्या वळणाची रुंदी आणि दाराची प्रत्यक्ष मोकळी जागाही मोजावी. बैठक मीटरभर रुंद असेल तर ती आतल्या खोलीच्या दारातून जाणार नाही. पाय दुमडणारी किंवा सुटी होणारी बैठक अशा जागी अनिवार्य ठरते. वजनाची मात्र धास्ती घेऊ नये. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोंचा वापरभार धरलेला असतो, त्यामुळे चाळीस-पन्नास किलोंचा स्टँड स्लॅबला जड नाही. फरशीला तो जड होऊ शकतो. ज्या पट्ट्यात स्टँड फिरणार आहे तिथल्या टाइल नाण्याने किंवा किल्लीने ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर त्या टाइलखाली माल भरलेला नाही आणि चाकाचा बिंदुभार तिला कधीतरी तडकवणार, हे धरून चालावे.

पेलण्याची क्षमता आणि उलटण्याचा हिशेब

विक्रेता पहिल्यांदा स्टँड किती किलो पेलतो ते सांगतो. हा आकडा उपयुक्त आहे, पण तो बहुधा कॅमेरा कॉलमच्या जवळ असताना खरा ठरतो. स्टुडिओत कॅमेरा दांड्याच्या टोकाला, कॉलमपासून दोन-अडीच फूट दूर असतो, आणि तिथे वजनाइतकेच अंतराला महत्त्व येते.

उदाहरणादाखल मॅक्रो लेन्ससह मध्यम वजनाचा कॅमेरा, मॅनफ्रोटो ४०५ हे १.६ किलोंचे गिअर्ड हेड (प्रत्येक अक्ष वेगळ्या घुंडीने फिरवायचे हेड), प्लेट आणि केबल मिळून साडेचार किलो धरू. हा भार कॉलमपासून ७० सेंटिमीटरवर आहे. बैठक तीन पायांची असून प्रत्येक पाय केंद्रापासून ६० सेंटिमीटर लांब आहे. अनेकांचा समज असतो की स्टँडला सर्व बाजूंनी ६० सेंटिमीटरचा आधार आहे. प्रत्यक्षात दोन पायांच्या टोकांना जोडणारी रेषा केंद्रापासून अवघ्या ३० सेंटिमीटरवर असते, आणि दांडा दोन पायांच्या मधोमध आला तर स्टँड त्या रेषेवरून उलटतो. म्हणजे भार रेषेच्या ४० सेंटिमीटर बाहेर आणि स्टँडचे स्वतःचे वजन ३० सेंटिमीटर आत. साडेचार गुणिले चाळीस म्हणजे एकशेऐंशी; त्याला तीसने भागले की सहा किलो येतात. सहा किलोंच्या स्टँडवर ही रचना अक्षरशः काठावर उभी आहे, केबलला पाय अडकला की संपले. तिप्पट सुरक्षितता धरली तर अठरा किलो लागतात. तोच दांडा एका पायाच्या बरोबर वर आणला तर भार केवळ दहा सेंटिमीटर बाहेर राहतो आणि चित्र पूर्ण बदलते. म्हणून तीन पायांच्या बैठकीवर दांडा नेहमी एका पायाच्या दिशेने ठेवावा. चौकोनी बैठकीत ही दक्षता कमी लागते, परंतु तिचा चौथा पाय असमान फरशीवर अधांतरी राहू शकतो.

दुसरा मुद्दा वाकण्याचा. एका टोकाला घट्ट धरलेला दांडा टोकावरच्या भाराने जेवढा वाकतो, ते वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कॅरेजमधून दांडा दुप्पट बाहेर काढला तर त्याचे स्वतःचे वाकणे आठपट होते. त्यामुळे लांब दांडा विकत घेण्यापेक्षा बैठक वस्तूच्या जवळ नेता येईल असे टेबल घेणे अधिक फायद्याचे असते. पाय टेबलाखाली सरकतील इतकी बैठक ठेंगणी आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. अॅल्युमिनियमपेक्षा पोलाद सुमारे तिप्पट ताठ असते, पण अॅल्युमिनियमचा रुंद, आतून कडा असलेला कॉलम पोलादाच्या बारीक नळीपेक्षा कमी वाकतो. धातूच्या नावावरून निवड करू नये.

कॅरेजचा भार तोलण्याच्या तीन पद्धती आढळतात. कॉलमच्या आत दोराने टांगलेले काउंटरवेट ही सर्वांत गुळगुळीत चालणारी आणि सर्वांत जड पद्धत आहे. स्प्रिंगची पद्धत हलकी असते, पण तिचा तोल ठराविक वजनाच्या पट्ट्यातच बसतो. दाते आणि हँडलची पद्धत संथ आहे, मात्र मिलिमीटरच्या हिशेबाने उंची बदलता येते. दिवसभर मॉडेलसमोर उंची बदलत राहणाऱ्याने पहिली घ्यावी. दागिने आणि घड्याळे टिपणाऱ्याला तिसरी अधिक उपयोगी पडेल.

चाकांकडे फारसे कुणी लक्ष देत नाही आणि बहुतेक स्वस्त स्टँड तिथेच फसतात. ब्रेक लावल्यावर चाक गोल फिरणे थांबते, पण चाकाचा काटा स्वतःभोवती वळत राहिला तर बैठक दोन-चार मिलिमीटर डोलते. फिरणे आणि वळणे दोन्ही रोखणारी चाके घ्यावीत. त्याहून उत्तम म्हणजे पॅडल दाबल्यावर चाके उचलली जाऊन बैठक रबरी पायांवर टेकते अशी रचना.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून स्टँड बनवून घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि बैठकीपुरता तो वाईट नाही. ७५ बाय ७५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला सुमारे ६.८ किलो भरतो, त्यामुळे हवे ते वजन स्वस्तात मिळते. अडचण सरकणाऱ्या कॅरेजची आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप किंचित मुरडतो, मग कॅरेज एका जागी अडकते आणि दुसऱ्या जागी खडखडते. बैठक इथे बनवून कॉलम-कॅरेज तयार घ्यावे, हा मला मध्यममार्ग वाटतो. फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा बंद होणाऱ्या स्टुडिओतून जुना स्टँड मिळत असेल तर दांडा पूर्ण बाहेर काढून, टोक हाताने वरखाली आणि आडवे हलवून पाहावे. कॅरेजमध्ये टकटक ऐकू आली तर रोलर झिजले आहेत, आणि त्यांचे सुटे भाग मिळण्याची खात्री झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. लाइटचा सी-स्टँड (दिवे धरणारा हलका स्टँड) आणि बूम (त्याचा आडवा दांडा) मात्र कॅमेऱ्यासाठी वापरू नये. त्याची पकड दिव्याला पुरेशी असते, कारण दिवा अंशभर खाली घसरला तरी छायाचित्रात ते कळत नाही.

उभारणी

स्टँडची जागा प्रथम ठरवावी. टाइलच्या सांध्यावर किंवा गाळ्याच्या फरशीतील भेगेवर एखादे चाक येणार नाही असा चौरस निवडून तो झाडून घ्यावा. बैठक जोडून, सर्व ब्रेक लावून मग दोघांनी मिळून कॉलम उभा करावा. हे एकट्याचे काम नाही. कॉलमचे बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, म्हणजे तो एका बाजूला कलत नाही. वाहतुकीसाठी काउंटरवेट अडकवून ठेवलेले असेल तर ते कॉलम उभा झाल्यावरच मोकळे करावे.

आता ओळंबा घ्यावा. कॉलमच्या दोन लगतच्या बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, ओळंबा किंवा पाणसळ लावून पाहावे आणि बैठकीचे पाय फिरवून कॉलम उभ्या रेषेत आणावा. एक अंशाची चूक क्षुल्लक वाटते, पण कॅरेज दोन मीटर वर गेल्यावर तिच्यामुळे कॅमेरा ३५ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो, आणि उंची बदलताच चौकट का सरकते हे मग कळत नाही.

त्यानंतर आडवा दांडा बसवावा आणि त्याच्या टोकाला हेड. स्टँडवरचा स्क्रू बहुधा ३/८ इंचाचा आणि कॅमेऱ्याचा पाव इंचाचा असतो. मधे अडॅप्टर घालावा लागत असेल तर तो काठाशी पूर्ण बसला आहे याची खात्री करावी. हेडच्या तळाशी लहान अॅलन स्क्रू असल्यास तेही आवळावेत, नाहीतर हेड वळवताना मुख्य स्क्रू हळूहळू सैल होतो. बॉल हेड इथे घेऊ नये. एक कळ सैल करताच त्याचे तिन्ही अक्ष सुटतात आणि कॅमेरा टोकाला लोंबकळतो. प्रत्येक अक्षाला स्वतंत्र घुंडी असलेले गिअर्ड हेडच स्टुडिओच्या कामाला शोभते. मॅनफ्रोटो ४१० पाच किलो पेलते आणि ४०५ साडेसात किलो. डिजिटल मीडियम फॉरमॅट (फुल-फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) वापरणाऱ्याने दुसरेच घ्यावे.

तोल साधण्यासाठी नेहमीच्या वापरातली सर्वांत जड लेन्स लावून कॅमेरा चढवावा, कॅरेजवर एक हात घट्ट ठेवून ब्रेक सैल करावा आणि हाताखाली काय जाणवते ते पाहावे. कॅरेज वर ओढू लागले तर वजने कमी करावीत, खाली दबू लागले तर वाढवावीत. इथे एक नियम स्टुडिओतल्या प्रत्येकाला, आजच रुजू झालेल्या मदतनिसालाही, पाठ असायला हवा: कॅरेजचा ब्रेक लावल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. कॅमेऱ्याचे वजन जाताच तोल बिघडतो आणि मोकळे कॅरेज वरच्या दिशेने झेपावते. दांड्याच्या पातळीला कुणाचा चेहरा असेल तर इजा गंभीर होऊ शकते. वस्तूच्या किंवा माणसाच्या वर कॅमेरा टांगताना कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून पोलादी सुरक्षा-तार दांड्याला बांधावी, आणि दांड्याच्या मागच्या टोकाला वाळूची पिशवी अडकवावी. ती पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली असावी, म्हणजे झोके घेत नाही.

वरून घेण्याच्या चौकटीत कॅमेरा टेबलाला समांतर आहे की नाही, हे पाणसळीपेक्षा आरशाने अधिक अचूक कळते. वस्तू ठेवायच्या जागी सपाट आरसा ठेवावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये आरशातले लेन्सचे प्रतिबिंब पाहावे. ते चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत हेडच्या घुंड्या फिरवाव्यात. टेबल स्वतः थोडे कललेले असले तरी या पद्धतीत चालते, कारण जुळवणी टेबलाशी होते, जमिनीशी नव्हे.

टेदरिंगची, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडणारी, केबल कॅमेऱ्याच्या पोर्टमधून सरळ खाली लोंबू देऊ नये. कॅमेऱ्याजवळ छोटा फेरा ठेवून ती प्लेटला, मग दांड्याला आणि मग कॉलमला क्लिपने बांधावी. कॅरेज वरखाली होण्यापुरता ढिलेपणा मात्र राखावा. कॉलमवर मोजपट्टी छापलेली नसेल तर चिकटणारी स्टीलची मोजपट्टी लावून घ्यावी, फरशीवर पायांच्या जागा टेपने आखाव्यात आणि प्रत्येक कामाची उंची, दांड्याची लांबी, लेन्स व अंतर वहीत लिहावे.

चाचणी आणि कंपने

स्टँड उभा राहिला म्हणजे तो स्थिर आहे असे नाही. कॅमेऱ्याच्या प्लेटला एक साधा लेझर पॉइंटर घट्ट बांधून पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडावा आणि त्याभोवती पेन्सिलने खूण करावी. सुमारे ४५ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४.३५ मायक्रॉनचा असतो. १०० मिलिमीटरच्या लेन्सवर त्या भिंतीवरची एक मिलिमीटरची सरक म्हणजे चार ते पाच पिक्सेल होतात. अर्धा तास ठिपका तिथेच राहिला तर स्टँड फोकस स्टॅकिंगला, म्हणजे फोकस सरकवत घेतलेल्या फ्रेम एकत्र करण्याच्या कामाला, योग्य आहे. तो सावकाश खाली उतरत असेल तर सांधे एकेक करून तपासावेत. दोष बहुतेकदा कॉलमचा नसून प्लेट आणि हेडच्या पकडीचा निघतो. मग दांड्यावर बोटाने हलकी टिचकी मारून ठिपका किती वेळात शांत होतो ते पाहावे आणि कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर त्याहून जास्त ठेवावा.

गाळ्यांमध्ये खालच्या मजल्यावर पॉवर प्रेस चालू असेल, किंवा स्टुडिओ ठाणे-बेलापूर रस्त्यालगत असून दिवसभर ट्रेलर जात असतील, तर फरशीच थरथरते. अशा वेळी लोक बैठकीखाली जाड रबर किंवा फोम घालतात. त्याने बहुधा नुकसानच होते, कारण मऊ आधारावर उंच कॉलम अधिक डोलतो. कॅमेरा आणि वस्तू दोन्ही एकत्र हलले तर छायाचित्रावर परिणाम कमी होतो. दोघांतील सापेक्ष हालचाल घातक असते. म्हणून टेबल आणि स्टँड दोन्ही एकाच स्लॅबवर, शक्यतो तुळईच्या किंवा खांबाच्या जवळ ठेवावेत, एकही पोटमाळ्याच्या लाकडी फळ्यांवर ठेवू नये, आणि दीर्घ एक्स्पोजरचे काम खालच्या कारखान्याच्या जेवणाच्या सुटीत उरकावे. फ्लॅशवर काम करणाऱ्याने याची फारशी चिंता करू नये.

निगा

जून ते सप्टेंबर या काळात खाडीकाठच्या दमट हवेत पोलादी भागांवर गंज लवकर चढतो. सरकणारा पृष्ठभाग आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसून त्यावर मशीन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवावा, पण ब्रेक जिथे घासून धरतो तिथे तेल लागू देऊ नये. अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमला कोरडे पुसणे पुरते. काउंटरवेटचा पोलादी दोर वर्षातून दोनदा पूर्ण लांबीभर तपासावा. एखादीही तार तुटून उभी राहिलेली दिसली तर दोर लगेच बदलावा. रबरी चाकांचा स्टँड महिनोन्‌महिने एका जागी उभा राहिला तर चाके चपटी होतात, म्हणून काम नसतानाही तो अधूनमधून थोडा हलवावा किंवा पायांवर टेकवून ठेवावा.

जागा बदलताना कॅमेरा, हेड आणि दांडा या क्रमाने ब्रेक लावूनच काढावे, काउंटरवेटची वाहतूक-कडी बसवावी आणि त्यानंतरच कॉलम आडवा करावा. कडी न बसवता आडवा केला तर वजन कॉलमच्या आत घसरते आणि दोर कप्पीवरून निसटतो; तो परत बसवायला कॉलमचे वरचे झाकण उघडावे लागते. वजने सुटी होत असतील तर ती काढून वेगळ्या खोक्यात न्यावीत, आणि टेम्पोत कॉलम गादीवर, दोन ठिकाणी पट्टा बांधून, इतर सामानाच्या वर ठेवावा.